हा माझा गार्ड नव्हता

डॉक्टरांशी मी एकदा खोटं बोललो. ते अजून कुणालाच ठाऊक नाही, माझ्या बायकोलाही नाही.

आजारपणाच्या तिसऱ्या दिवशी माझा डावा हात पहिल्यांदा आपणहून वर आला. मी सूप पीत होतो. चमचा उजव्या हातात, डावा चादरीवर पडलेला. तो सावकाश उचलला गेला, मूठ वळली आणि हनुवटीपाशी येऊन थांबला. मी त्याला मनातल्या मनात खाली जा म्हटलं. गेला नाही. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "असा वर येतो तेव्हा कसा वाटतो? आपला की परका?" मी म्हणालो, "परका. भलत्याच कुणाचा तरी." त्यांनी मान हलवून लिहून घेतलं. या आजारात बहुतेक सगळे हेच सांगतात.

मला तो भलत्या कुणाचा वाटला नव्हता. मूठ वळतानाच मी तो हात ओळखला होता.

मी कमी बोलणारा माणूस आहे. लिहिणारा तर नाहीच. पण घरी आल्यावर मी आपल्या भाषेत या आजाराबद्दल कुणी काही लिहिलंय का ते शोधलं. मला तरी सापडलं नाही. एखाद्याच्या घरात उद्या असा हात उठला तर ते घर घाबरून जाईल, अंगारे-धुपारे करत बसेल, निदान त्यांच्यासाठी तरी लिहावं असं वाटलं. आणि लिहायला बसल्यावर कळलं की माझ्या मित्राला, हाइकोला, वगळून हे लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल.

एकोणऐंशी किलो

मी एमआरआय टेक्निशियन. मूळ खडकीचा. वडील दारूगोळा कारखान्यात होते, आमच्या क्वार्टरमागे पत्र्याच्या शेडमध्ये बॉक्सिंग चालायचं. एकोणिसाव्या वर्षापर्यंत मी खेळलो. जिल्ह्याच्या एका सामन्यात एक ठोसा बसला आणि डोळे उघडले तेव्हा वर पत्रा दिसत होता. त्यानंतर ग्लोव्ह्ज घातले नाहीत. बावीस वर्षांपूर्वी कुवेतला आलो, एका खाजगी क्लिनिकमध्ये लागलो. बायको वृषाली इथल्याच सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स. मुलगी इरा इथेच वाढली. घर फिंतासला.

पोट सुटलं म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी वृषालीने मला एगैलातल्या एका मॉलच्या वरच्या मजल्यावरच्या जिममध्ये ढकललं. तिथे हाइको ट्रेनर होता. जर्मन. ऑफिसवाल्यांना घाम गाळायला शिकवायचा. माझं ज्ञानेश्वर हे नाव त्याच्या तोंडात बसेना. गाव कुठलं विचारलं, मी सांगितलं. "खडकी," तो म्हणाला, दोनदा म्हणाला, आणि तेच नाव ठेवलं. मी दोन हातांत पॅड धरायचो आणि तो त्यावर मारायचा. तोही कमीच बोलायचा. पण पॅडवर मारताना, श्वासांच्या मधे मधे, त्याने मला आपलं सगळं आयुष्य सांगितलं.

तो उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावचा. वडील जहाजांवर वेल्डिंग करायचे. मासळीच्या गोदामामागे एक बॉक्सिंग क्लब होता, तिथे अकराव्या वर्षी गेला, कारण हिवाळ्यात तिथे हीटर चालू असायचा. कोचने दोन महिने फक्त पाय शिकवले. पोरगा डावखुरा निघाला म्हणून आधी वैतागला, मग खूश झाला, कारण डावखुऱ्याशी लढायला कुणालाच आवडत नाही. हौशी खेळाडू म्हणून शंभराच्या वर लढती. राज्यात दोनदा पहिला. राष्ट्रीय फायनलला पंचांनी दुसऱ्याचा हात वर केला. ऑलिम्पिकची निवड व्हायच्या आठवड्यात सरावात हाताचं हाड मोडलं. "हौशी असताना तीन राउंड," तो म्हणायचा. "डोक्यावर हेल्मेट. आणि सोमवारी कामावर."

पंचविसाव्या वर्षी तो व्यावसायिक झाला. हेल्मेट गेलं, बनियन गेला, ग्लोव्ह्ज पातळ झाले, राउंड वाढले. लाइट हेवीवेट, म्हणजे एकोणऐंशी किलोंच्या वर थोडंसं. "हेवीवेटला पैसा मिळतो, मिडलवेटला कौतुक. आम्हाला कोण विचारतं?" शाळांच्या हॉलमध्ये, लहान शहरांत पहिल्या अकरा लढती त्याने जिंकल्या. एक पट्टा मिळाला. मग मोठ्या पट्ट्यासाठी बारा राउंड लढला आणि हरला. त्यानंतर दोन दिवस त्याला स्वतःच्या घराचा नंबर आठवत नव्हता. हे त्याने हसत सांगितलं. पुढे वेगळे फोन यायला लागले. एक आठवड्याच्या नोटिशीवर दुसऱ्याच्या गावी जायचं आणि हरायचं. "पण लवकर हरायचं नाही, खडकी. त्यांच्या हिरोला आठ राउंडांचा सराव मिळाला पाहिजे." अशी सहा वर्षं. शेवटी तिथल्या एका डॉक्टरने मेंदूचा स्कॅन पाहून त्याचं लायसन्स थांबवलं. तेव्हा तो कुवेतला आला.

आमच्या घरी तीन-चारदा जेवला. वृषालीचं थालीपीठ त्याला फार आवडायचं. "पिझ्झा, पण प्रामाणिक," असं म्हणाला होता एकदा.

शेवटची सिरीज

एकोणचाळिसाव्या वर्षी त्याला एका शेजारच्या आखाती शहरातून बोलावणं आलं. मोठ्या सामन्याच्या आधीची एक छोटी लढत. त्यासाठी मेंदूचा ताजा एमआरआय हवा होता.

तो आमच्या क्लिनिकला दुपारी आला. दुपारी एक ते साडेचार इथली क्लिनिकं बंद असतात. मी मुद्दाम ती वेळ दिली होती, हेही आता लिहून टाकतो. त्याने खिशातून लायसन्स थांबवणाऱ्या जर्मन डॉक्टरचं घडी घातलेलं पत्र काढलं आणि एका शब्दावर, स्कॅनमधल्या चित्रांच्या एका मालिकेच्या नावावर, बोट ठेवलं. आम्ही तिला ब्लड सिरीज म्हणतो. स्कॅनच्या शेवटी असते, चार-पाच मिनिटांची. मेंदूत कधीकाळी सांडलेलं रक्त तिच्यात काळ्या ठिपक्यांसारखं उमटतं. बाकीच्या चित्रांत मेंदू चांगला दिसू शकतो. त्याचा दिसत होता.

"खडकी, ही एक राहू दे."

"रिपोर्ट अपुरा येईल."

"अपुरा म्हणजे वाईट नाही ना?"

मी पत्राची घडी घालून त्याला परत दिलं.

"माझ्या कॉर्नरला तू येतोयस," तो म्हणाला. "स्टूल आणि बादली तुझ्याकडे. तुझं नाव कळवलंय मी त्यांना."

मैत्रीखातर केलं असं मी बरेच महिने स्वतःला सांगत होतो. खरी गोष्ट अशी की राउंडांच्या मधे बॉक्सरला सांभाळणारी माणसं जिथे असतात, त्या कॉर्नरला मला उभं राहायचं होतं. एकोणिसाव्या वर्षी पत्र्याकडे बघत पडलेल्या पोराला रिंगच्या दोरीपाशी परत जायचं होतं.

आमच्या कामात एक ओळ असते. 'रुग्ण स्थिर राहू शकला नाही, शेवटची सिरीज घेता आली नाही.' लहान मुलं, म्हातारे, बंद जागेला घाबरणारे, अशांसाठी ती जवळजवळ रोज लिहावी लागते. त्या ओळीवर कुणी शंका घेत नाही, कारण रुग्णापाशी फक्त टेक्निशियन असतो. ती ओळ मी हाइकोच्या फॉर्मवर लिहिली. बावीस वर्षांत त्याच्याइतका स्थिर पेशंट मी पाहिला नव्हता. इतका स्थिर की मी मायक्रोफोनवर दोनदा विचारलं, "आहेस ना रे?"

आमच्या रेडिऑलॉजिस्ट मॅडमनी माझ्या ओळीवर विश्वास ठेवला. 'उपलब्ध चित्रांत दोष दिसत नाही' असं लिहून सही केली. सामना भरवणाऱ्यांनी 'दोष दिसत नाही' एवढंच वाचलं.

पाचव्या राउंडला तो पडला. ठोसा मोठा नव्हता. आधी गुडघे गेले, मग तो बसल्यासारखा झाला, आणि दोरीला पाठ टेकून तसाच राहिला. डोळे उघडे. डावा हात हनुवटीशी. पंच दहापर्यंत मोजत होता आणि तो हात खाली येत नव्हता. तिथेच त्याच्या डोक्याचं ऑपरेशन झालं. नंतर त्याची बहीण उटे येऊन त्याला घेऊन गेली. तेव्हापासून तो त्यांच्या गावच्या एका शुश्रूषागृहात आहे. बोलत नाही.

चौथ्या आणि पाचव्या राउंडच्या मधल्या मिनिटाबद्दल पुढे लिहितो. आत्ता लिहवत नाही.

आमच्याच टेबलावर

पंधरा महिन्यांनी माझी पाळी आली.

एप्रिलमधला दिवस. सकाळपासून धूळ उठली होती. अकरा वाजता बाहेर सगळं नारिंगी झालं, समोरच्या इमारती दिसेनात. मी एका म्हातारीच्या डोक्यावर कॉइल बसवत होतो. कॉइल म्हणजे चेहऱ्यावर येणारा पिंजरा. माझ्या डाव्या हाताने त्याची कड धरली आणि सोडलीच नाही. डोक्यावर कुणीतरी ओला गरम टॉवेल टाकल्यासारखं वाटत होतं.

माझ्यासोबत काम करणारा बिनॉय केरळचा. आम्ही हिंदीत बोलतो. तो म्हणाला, "सर, छोड़िए ना."

"छोड़ रहा हूँ."

"नहीं छोड़ रहे, सर."

म्हातारी खालून आम्हा दोघांकडे बघत होती. बिनॉयने माझी बोटं एकेक करून सोडवली. पाच मिनिटांनी मी त्याच टेबलावर होतो आणि तो पिंजरा माझ्या चेहऱ्यावर होता.

त्या पिंजऱ्याला एक छोटा आरसा असतो. आत पडल्या पडल्या त्यातून पलीकडची काच आणि काचेमागे बसलेला टेक्निशियन दिसतो. पेशंटने घाबरू नये म्हणून तो बसवलाय. मी हजारो लोकांना सांगितलंय, आरशात बघत राहा, मी समोरच आहे. मी आरशात पाहिलं. बिनॉय खुर्चीत होता. त्याच्यामागे एक माणूस उभा होता. रुंद खांदे, मान थोडी खाली, डोक्यावर टॉवेल. रिंगमध्ये जायची वाट बघताना उभे राहतात तसा.

मला भीती नाही वाटली. मला लाज वाटली. पेशंटच्या जागी मी पडलोय आणि तो मला बघतोय, याची.

शेवटी ब्लड सिरीज सुरू झाली. तिचा ठकठक आवाज मी झोपेतही ओळखेन. बिनॉयने ती पूर्ण घेतली, काही सोडलं नाही. मी ठोके मोजायला लागलो. आठपर्यंत गेलो की पुन्हा एकपासून सुरू करायचो. दहा येऊ द्यायचा नाही, एवढंच डोक्यात होतं.

बाहेर काढल्यावर मी विचारलं, "पीछे कौन खड़ा था?"

"कौन, सर? दरवाज़ा तो अंदर से लॉक था."

मेंदूच्या दोन भागांना जोडणारा एक पूल असतो, तिथली एक बारीक रक्तवाहिनी फुटली होती. ब्लड सिरीजवर ती अगदी स्वच्छ दिसली. बिनॉयच्या डोळ्यांत पाणी होतं. मी स्क्रीनकडे बघून धंद्याच्या सवयीने म्हणालो, "इमेज अच्छी आई है."

वॉर्ड

हॉस्पिटलचा दिवस पाच वाजता सुरू होतो. रक्त काढतात, मग चहा, मग चादर बदलतात, मग डॉक्टर. दहापासून चारपर्यंत काही नसतं. या आजारात मला सगळ्यात जड गेली ती ही दुपार. धूळ आठवडाभर टिकली. खिडकीत दिवसभर तो नारिंगी उजेड, ना सकाळ ना संध्याकाळ, आणि त्या उजेडात माझा हात वर यायचा.

उजव्या हाताने मी शर्टाचं बटण लावायचो, डावा ते काढायचा. उजव्याने चमचा उचलला की डावा वाटी सरकवायचा. पण हे सगळं झाल्यावर तो परत हनुवटीशीच जायचा. शेजारच्या कॉटवर रामसूरत नावाचा बिहारचा माणूस होता. वफ्राच्या शेतांवर ग्रीनहाउसमध्ये काम करायचा, उन्हाने कोसळला म्हणून आणलेला. दोन दिवस त्याने हा प्रकार गुपचूप पाहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "भैया, बुरा न मानो. ये हाथ किसको रोक रहा है?"

मी म्हटलं, "पता नहीं."

"पता कर लो. मेहनती बहुत है. हमारे यहाँ होता तो फोरमैन बन जाता."

आम्ही दोघं हसलो. हात तिथेच होता. रामसूरतचे सोबती शुक्रवारी भेटायला आले की त्यांच्या ग्रीनहाउसमधल्या काकड्या आणायचे. औषधाच्या वासाने भरलेल्या त्या खोलीत काकडी मोडली की क्षणभर सगळं स्वच्छ व्हायचं. उपकार म्हणावं अशा ज्या गोष्टी त्या दिवसांत मिळाल्या, त्यात ही काकडी मी वरच्या नंबरला ठेवीन.

आता ती गोष्ट, जी मी डॉक्टरांपासून लपवली. बॉक्सिंगमध्ये उभं राहण्याच्या पवित्र्याला गार्ड म्हणतात. मी उजवा. उजव्या माणसाचा डावा पाय आणि डावा हात पुढे असतो, हनुवटी राखतो तो उजवा हात. डावखुऱ्याचं बरोबर उलट. माझा डावा हात आपसूक वर यायचाच असता, तर तो पुढे, छातीच्या रेषेत यायला हवा होता. लहानपणी आठ वर्षं तो तसाच येत होता. हनुवटीशी येणारा डावा हात माझा नव्हता. हा माझा गार्ड नव्हता. रोज सकाळी ज्याच्यासमोर मी पॅड धरून उभा राहायचो, त्याचा होता.

फिजिओथेरपिस्ट करीम इजिप्तचा, सगळ्यांना चॅम्पियन म्हणायचा. सातव्या दिवशी त्याने मला आरशासमोर उभं केलं आणि चालायला सांगितलं. मी एक पाऊल टाकलं आणि थांबलो. उजवा पाय पुढे, डावी टाच किंचित उचललेली, डावी मूठ हनुवटीशी.

"चॅम्पियन! बॉक्सर होतास? डावखुरा?"

"नाही," मी म्हणालो. "मी उजवा."

तो हसत होता. मी आरशाकडे पाठ केली.

ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांना एवढंच सांगतो. त्या हातावर ओरडू नका, बांधू तर मुळीच नका. त्याला धरायला काहीतरी द्या. इराने माझ्या हातात टेनिसचा बॉल दिला होता, त्याने बराच वेळ निभायचं. पहिल्या दिवशी तीही घाबरली होती, मग कॉटच्या पायथ्याशी उभी राहून म्हणाली, "बाबा, इट्स लिसनिंग टू अस. से समथिंग नाइस." पोरीला मराठीत उत्तर द्यायला सांगून मी थकलोय, पण त्या दिवशी ते इंग्रजीसुद्धा गोड वाटलं. आणि बहुतेकांचा हात काही आठवड्यांत निवळतो. हे डॉक्टर सांगतात ते खरं आहे.

वृषाली

वृषाली ड्यूटी संपवून दुपारी यायची. घरी ती एक बाई, वॉर्डात दुसरी. वॉर्डात ती मला पेशंटच्या आवाजात हाक मारायची, आणि मला त्याचा राग यायचा. तिला माझ्या गप्प राहण्याचा. एकदा ती भरवत असताना हाताने तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बोटांचे वळ उठले. तिने ओरडून कुणाला बोलावलं नाही. खाली वाकून हाताशीच बोलली, "सोड रे. मी भाकरी देतेय, मारत नाहीये." हात सुटला. मग ती खुर्चीत बसून राहिली, वळांवर दुसरा हात ठेवून.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी डोळा लागून जागा झालो तर ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"उटे कोण?"

"काय?"

"झोपेत विचारता. 'उटे आली का?' असं. काल विचारलंत, आज दोनदा. मी नर्स आहे, मला सगळं चालतं. खोटं चालत नाही. कोण आहे ही बाई?"

"हाइकोची बहीण."

"मग तुम्ही का तिची वाट बघताय?"

मी तिला ब्लड सिरीजचं सांगितलं. पत्र, दुपारची वेळ, ती ओळ, सगळं. पंधरा महिने एका घरात राहून जे सांगितलं नव्हतं त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत.  तिने मग एवढंच विचारलं, "फॉर्मवर लिहिलंत? तुमच्या हाताने?"

"हो."

"बावीस वर्षं मी चार्ट भरतेय. थर्मामीटर लावला नाही तर ताप लिहीत नाही. कितीही घाई असो." ती उठली. डबा बंद केला. "माझ्या टेबलावर बसून जेवलाय तो."

दोन दिवस ती आली नाही. इरा आली, डबा ठेवून गेली. तिसऱ्या दिवशी वृषाली आली, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "त्या बाईला फोन कधी करताय? तुम्ही नाही केलात तर मी करीन, आणि मला गोड बोलता येत नाही." माफ केलं असं ती म्हणाली नाही. आजवर म्हणालेली नाही. मीही विचारलेलं नाही.

फोन

पाचव्या आठवड्यात, घरी आल्यावर मी उटेला फोन केला. सकाळची वेळ, खिडकीत ऊन. वृषाली शेजारी बसली होती. फोन उजव्या हातात, डावा मांडीवर बॉल धरून.

उटे सावकाश, मोजून-मापून इंग्रजी बोलते. माझं नाव ऐकून तिला बरं वाटलं. "तू खडकी ना? तो तुझ्याबद्दल लिहायचा." मग माझी तब्येत विचारली. मी हाताचं सांगितलं नाही, मेंदूत रक्तस्राव झाला एवढंच बोललो. ती हळहळली.

"हाइको कसा आहे?"

"शांत आहे. फक्त उजव्या कानाने ऐकू येतं. आधी त्याचा डावा हात दिवसभर हनुवटीशी असायचा, माहितीये? आम्ही तो खाली करायचो, तो पुन्हा वर. मग ईस्टरनंतर एका सकाळी तो खाली आला. पुन्हा उठलाच नाही. डॉक्टरांनाही कळत नाही का ते."

मी दिवस विचारला नाही. ती स्वतःहून म्हणाली, "मंगळवार होता, मी त्याचे केस कापत होते." माझ्या आजाराची तारीख हॉस्पिटलच्या कागदांवर आहे. तो वारही मंगळवारच होता. तोच मंगळवार की दुसरा, हे मी कॅलेंडर काढून पाहिलेलं नाही. अजूनही नाही.

मग ती म्हणाली, "एकाच गोष्टीने मी सावरते. स्कॅन चांगला होता. म्हणजे कुणाचं काही चुकलं नाही. जे झालं ते झालं."

वृषालीला इंग्रजी कळतं. तिने माझ्या हातातला बॉल काढून घेतला.

मी सांगितलं. आधी वृषालीला जे सांगितलं होतं ते. आणि मग ते, जे वृषालीलाही सांगितलं नव्हतं. चौथा राउंड संपवून हाइको स्टूलवर बसला. मुख्य ट्रेनर त्याच्या भुवईची जखम दाबत होता, त्याचं लक्ष रक्तावर होतं. मी पाणी पाजत होतो. हाइकोने माझ्याकडे बघितलं आणि जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. मला कळलं नाही असं दिसताच इंग्रजीत विचारलं, "उटे आली का? तिला सांग, हीटर बंद करू नकोस." तो त्या क्षणी मासळीच्या गोदामामागे होता, अकरा वर्षांचा. मी ते ओळखलं. माझ्या खांद्यावर टॉवेल होता. तो रिंगमध्ये टाकला की लढत थांबते. टाकायला एक सेकंद लागला असता. टाकला असता तर सगळ्यांनी विचारलं असतं की काय झालं, मग त्याचं डोकं तपासलं असतं, मग ती सिरीज घेतली असती. मी म्हणालो, "हो, आलीय." आणि घंटा झाल्यावर स्टूल उचललं.

 वृषालीने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मग उटे म्हणाली, "त्या हीटरपाशी मी बसायचे. त्याच्यासोबत घरी जायला."

"मला माफ करा असं मी म्हणत नाही," मी म्हणालो.

"म्हणू नकोस. मला सांगून तू मोकळा होशील. मला नको सांगूस. त्याला सांग."

"त्याला कळेल का?"

"ते तू कशाला ठरवतोस? एकदा ठरवलंस ना त्याच्यासाठी?"

तिने फोन ठेवला.

त्यानंतर

हात सातव्या आठवड्यापर्यंत निवळला. डॉक्टर म्हणतात, त्याच्या वेळेने निवळला. मी वाद घालत नाही. आता तो बटण लावतो, कणीक मळायला मदत करतो, थोडा ढिला आहे.

क्लिनिकच्या मेडिकल डायरेक्टरांना मी सगळं लिहून दिलं, सहीनिशी. एक प्रत रेडिऑलॉजिस्ट मॅडमना. मला कामावरून थांबवलंय, चौकशी चालू आहे, लायसन्स बहुतेक जाईल. मॅडम ओरडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मी तुमच्या ओळींवर सह्या करत होते, ज्ञानेश्वर. आता मागची प्रत्येक ओळ मला परत बघावी लागणार." त्या रोज संध्याकाळी थांबून जुन्या फायली बघतायत, असं बिनॉय सांगतो.

डॉक्टरांची विमानप्रवासाला हरकत नाही. व्हिसाचे कागद वृषालीने भरून टेबलावर ठेवलेत, फक्त सही बाकी आहे. उटेने पत्ता पाठवलाय, भेटायची वेळ दहा ते बारा. अडलंय ते माझ्यामुळे. मला भीती वाटते. तो काहीच समजणार नाही, याची भीती नाही. तो समजेल, याची आहे.

हाइकोच्या उजव्या बाजूला खुर्ची घेऊन बसायचं आणि त्याला सांगायचं, की तुझं डोकं लढण्यासारखं नव्हतं, मला ते माहीत होतं, आणि मला तुझ्या कॉर्नरला उभं राहायचं होतं म्हणून मी तुला आत जाऊ दिलं. एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.